म्हाताऱ्या कुत्र्याला ‘औषध’ म्हणून मोठ्या जातीचं पिल्लू आणू नका

अनघा_कोथरूड
कालची ती पोस्ट वाचल्यापासून डोकं तापलंय. “एक कुत्रा गेला की महिन्याच्या आत पिल्लू आणा, आणि आणायचं तर मोठ्या जातीचंच. घरातला म्हातारा पुन्हा तरुण होतो.” खाली नुसता बदामांचा पाऊस.

आमचा रॉकी श्रावणात गेला, टिक फीव्हरने, म्हणजे गोचिडी चावून होणाऱ्या तापाने. मागे राहिलाय शेरू. लॅब्रॅडोर (लॅब), वय ११, मागच्या पायांना संधिवात. रॉकी गेल्यापासून तो जेवायला उठत नाही, रॉकीच्या गादीवर पडून असतो. भेटेल तो सांगतो, जीएसडीचं, म्हणजे जर्मन शेफर्डचं पिल्लू आणा, बरा होईल.

अहो, कसा बरा होईल? जीएसडीचं पिल्लू सहा महिन्यांत वीस-पंचवीस किलोचं होतं, अक्कल मात्र पिल्लाचीच असते. ते प्रेमानेच अंगावर झेपावणार, मानेला लोंबकळणार. शेरू टाइल्सवरून उठतो तेव्हा आधी पुढचे पाय रोवतो, मग कंबर डावीकडे टाकतो, नखं करकरतात, कधीकधी परत खाली बसतो. नेमकी तेव्हा बाजूने धडक बसली तर?

आणि तो गुरगुरला की ओरडा त्यालाच. “शेरू, लहान आहे ना तो!” गुरगुरून तो सांगत असतो की आता पुरे. ते दाबून टाकलं की पुढच्या वेळी काही न सांगता दात लागतो आणि आयुष्यभर शहाण्यासारखा वागलेला कुत्रा ‘चावका’ ठरतो. घर रिकामं वाटतं ते आपल्याला. त्याची किंमत म्हाताऱ्याने का मोजायची?

ठाणेकर_बाबा
ताई, रॉकीचं वाचून वाईट वाटलं. पण तुमचं सरसकट बोलणं पटलं नाही.

आमची राणी गेली तेव्हा मोती दहा वर्षांचा होता, पॉमेरियन. संध्याकाळी फिरायच्या वेळेला दारात जाऊन उभा राहायचा आणि पट्टा दाखवला तरी हलायचा नाही. दोघांची वेळ होती ना ती. अन्नाला तोंड लावेना. शेवटी लॅबचं पिल्लू आणलं. सुरुवातीला मोती सोफ्यावरून खाली उतरेना. मग एका दुपारी पिल्लाने त्याच्या ताटलीत तोंड घातलं. हा भुंकत खाली आला, त्याला हाकललं आणि ताटली चाटूनपुसून साफ केली. पुढे कितीतरी वर्षं दोघं एकत्र जेवले. आम्ही थांबलो असतो तर मोती गेला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अनघा_कोथरूड
मोती सोफ्यावर चढून सुटला. ३४ किलोच्या संधिवाताच्या लॅबने कुठे चढायचं?

ठाणेकर_बाबा
मग फाटक लावा! लाकडी फळ्यांचं मिळतं, खोलीच्या दाराला बसतं. दोघांना वेगळं झोपवा, वेगळं जेवू घाला. उपाय आहेत, पण तुम्हाला ते ऐकायचेच नसतील तर काय बोलणार.

पशुवैद्य_नाशिक
दोघांनाही थांबवतो, कारण एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटतेय. रॉकी टिक फीव्हरने गेला. गोचिड्या फक्त कुत्र्याच्या अंगावर नसतात, भिंतीच्या भेगांत, गादीच्या शिवणीत राहतात. शेरू त्याच घरात आहे, त्याच गादीवर झोपतोय आणि जेवत नाहीये. हे दुःखही असू शकतं. इटलीत २०२२ साली ४२६ मालकांकडून माहिती घेऊन अभ्यास झालाय. सोबती गेल्यावर मागे राहिलेल्या कुत्र्याचं वागणं बिघडलं, असं बहुतेकांनी सांगितलं; कुणाचा कमी खेळत होता, कुणाचा कमी खात होता, कुणाचा जास्त झोपत होता. पण ११ वर्षांचा कुत्रा जेवत नसेल तर आधी रक्त तपासायचं. प्लेटलेट्स, किडनी, लिव्हर, सगळं. पिल्लाचा वाद नंतर घाला.

आणि पिल्लू आणलंच तर टाइल्सवर चटया टाका. घसरत्या फरशीवर म्हाताऱ्याचे सांधे जातात तसे वाढत्या पिल्लाचेही जातात. आणखी एक, कृपा करून कॅल्शियमचं सिरप सुरू करू नका.

कारवानवाला_कोल्हापूर
आता कॅल्शियमवर आलात? अवांतर होईल, पण बोलतोच. आमच्याकडे तीन पिढ्या कारवान जातीचे शिकारी कुत्रे आहेत. ज्वारीची भाकरी, दूध, अंडी, खाटकाकडची हाडं, यावर वाढलेले कुत्रे सशामागे सुटले की नजर ठरत नाही. हा नको, तो नको, पिशवीतलं तयार खाणंच द्या, हे सगळं शहरातून आलंय. तेच तुम्ही गावाला शिकवणार?

जुई_डोंबिवली
दादा, पिशवीची जाहिरात कुणीच करत नाहीये. माझ्या ग्रेट डेनच्या पिल्लाबरोबर ब्रीडरने सिरपच्या बाटल्या दिल्या होत्या. “हाडं मोठी, कॅल्शियम भरपूर हवं.” वर पावडरही. तीन महिन्यांचं असताना पुढचे पाय कोपरापासून बाहेर वळले, पंजे पसरले. एक्स-रे काढल्यावर पहिली गोष्ट झाली ती म्हणजे सिरप बंद. पाय पूर्ण सरळ झालेच नाहीत.

कारवानवाला_कोल्हापूर
ब्रीडर चोर निघाला त्यात आमच्या हाडांचा काय दोष? फ्लॅटमध्ये डेन कोंडून ठेवायचा आणि पाय वाकले की कॅल्शियमला शिव्या घालायच्या.

जुई_डोंबिवली
कोंडून? रात्री वेदनेने ओरडणाऱ्या पिल्लाला मांडीवर घेऊन मी बसले होते, तुम्ही नव्हतात. माहिती नसताना बोलू नका.

पशुवैद्य_नाशिक
शांतपणे ऐका. वाढ पूर्ण झालेला कुत्रा जादा कॅल्शियम आतड्यातच अडवतो, पिल्लाला सहाएक महिन्यांपर्यंत ते नीट जमत नाही. जेवढं द्याल त्यातलं बरंचसं आत जातं आणि हाडाच्या वाढीत घोळ होतो. हॉलंडमध्ये उट्रेख्त विद्यापीठात १९८०च्या दशकात डेनच्याच पिल्लांवर हे दाखवलं गेलंय.

पण कारवानवाल्यांची बाजूही पूर्ण चूक नाही. नुसतं चिकन-भात दिलं तर कॅल्शियम कमी पडतं आणि हाडं ठिसूळ होतात. त्यांच्याकडे हाडांतून ते मिळत आलंय. फक्त शिजवलेली हाडं नकोत, त्यांच्या चिरफळ्या होऊन आतडं फाटतं.

आणि वजन! पिल्लू गुबगुबीत असलं की सगळे कौतुक करतात. अमेरिकेत ४८ लॅब पिल्लांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, जन्मभर. कमी खाणाऱ्यांचे खुबे चांगले राहिले आणि ते जवळपास दोन वर्षं जास्त जगले.

कारवानवाला_कोल्हापूर
हे मात्र आमच्या आजोबांनी कुठलाही अभ्यास न वाचता सांगितलं होतं. कारवानच्या मागच्या बरगड्या दिसायलाच हव्यात. शहरातली माणसं येतात आणि म्हणतात, उपाशी ठेवता का?

जुईताई, ‘कोंडून’ म्हणालो ते मागे घेतो. ब्रीडरबद्दलचं मात्र घेत नाही.

सत्तरी_पार_सांगली
पिल्लाच्या हाडांचं झालं, आता माणसांच्या हाडांचं बघा. आमच्या सोसायटीत कुत्र्याला लिफ्टबंदीची पाटी आहे. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचनांत अशी बंदी चालत नाही असं स्पष्ट असूनही कमिटी ऐकत नाही. माझ्या गुडघ्यांनिशी ४० किलोचं जनावर चार मजले कोण उतरवणार? मोठी जात आणा म्हणणारे दहा वर्षांनी मदतीला येणार आहेत का?

ठाणेकर_बाबा
काका, लिफ्टसाठी वेगळा धागा काढा, मी पहिला येतो भांडायला. इथे शेरूचं बोलू.

अनघाताई, टिक फीव्हरचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. आधी तपासणी करा. पण रिपोर्ट चांगला आला आणि तरी तो तसाच पडून राहिला, तर “पिल्लू नकोच” हे मी मानणार नाही.

अनघा_कोथरूड
उद्या सकाळची वेळ घेतली आहे. रॉकीची गादी गच्चीत काढून ठेवली, ते करताना रडू आवरलं नाही.

बाबा, रिपोर्ट चांगला आला तर दिवाळीनंतर विचार करीन, तोही एवढ्याच अटीवर की नवा कुत्रा पोचणार नाही अशी एक खोली शेरूसाठी कायम मोकळी राहील. आणि जीएसडी नाहीच. एखादा शांत, मोठा झालेला देशी कुत्रा दत्तक घेईन. “मोठ्या जातीचंच पिल्लू आणा” हे मला अजूनही क्रूर वाटतं.

ठाणेकर_बाबा
देशी तर देशी. माझं म्हणणं सोबतीचं होतं, जातीचं नव्हतं.

कारवानवाला_कोल्हापूर
डॉक्टर, तुमच्यामुळे आता डोक्यात किडा शिरला. सध्याच्या पिल्लाला घरची मंडळी अंड्याच्या टरफलांची पूड देतात, भाकरीत कालवून. बंद करू का?

पशुवैद्य_नाशिक
एकदम बंद नको, पण मुठीने घालत असाल तर आजच थांबवा. चहाचा एक सपाट चमचा बारीक पूड म्हणजे जवळपास दोन ग्रॅम कॅल्शियम, शिवाय दुधातलं आणि हाडांतलं वेगळं. पिल्लाचं वय, वजन आणि दिवसभरात काय काय देता ते लिहा, प्रमाण काढून देतो.

कारवानवाला_कोल्हापूर
साडेचार महिने, १४ किलो. सकाळी दूध-भाकरी, दुपारी दोन अंडी, रात्री भाकरी आणि कच्ची हाडं. पूड आईच्या हातची, किती ते तिला विचारून सांगतो.