डग्गा कुठे गेला? (बी-504 च्या हॉलमधली साउंड सिस्टीम)

शनिवार

बी-504, सकाळी 9:14
नमस्कार मंडळी. जरा अवांतर विषय आहे, चालेल ना? मार्चमध्ये बँकेतून सुटलो. आता रोज निवांत गाणं ऐकायचं ठरवलंय, शास्त्रीय आणि नाट्यसंगीत जास्त. हॉल आपला नेहमीचाच, 10 बाय 15. बजेट 40 हजार. काल एका दुकानात गेलो तर तिथल्या मुलाने 27 हजारांत 1000 वॉटचं 5.1 होम थिएटर दाखवलं. सहा डबे आणि रिमोट. घेऊन टाकू का? वडिलांच्या 50-60 रेकॉर्ड माळ्यावर आहेत, त्याही वाजल्या तर दुधात साखर.

ए-603, 9:16
काका साउंडबार घ्या, टीव्हीखाली ठेवायची ती एकच लांब पट्टी. एक वायर लावली की विषय संपला.

बी-404, 9:21
काका, सबवूफरवालं, ते धमधम करणारं, नका घेऊ हो, प्लीज. आमचा हॉल बरोबर खाली आहे आणि बारावीची मुलगी तिथेच अभ्यासाला बसते 🙏

सेक्रेटरी, 9:30
आज 11 ते 2 टाकी साफ करणार आहेत. पाणी भरून ठेवा.

ए-302, 9:41
काका, पैसे दिले नसतील तर थांबा. त्या मुख्य डब्याच्या मागे एक पट्टी असते, त्यावर वीज किती खातो ते छापलेलं असतं. आज परत जा आणि तेवढंच बघून या.

बी-504, 12:55
आलो बघून. 80 वॉट.

ए-302, 1:03
80 वॉट खाऊन 1000 वॉट बाहेर काढणारं यंत्र असतं तर आपण ते आधी लिफ्टला लावलं असतं 😄 हा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या शिखराचा आकडा, कागदावरचा. तुम्ही आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे खरे वॉट, किती तेवढंच विचारायचं.

आणि घराला फार वॉट लागतही नाहीत. वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो 3 डेसिबल, कानाला "जरासा मोठा झाला वाटतं" इतकाच. साधारण स्पीकर 1 वॉटवर 1 मीटर अंतरावर 85-86 डेसिबल देतो. आपलं घरातलं बोलणं 60 च्या आसपास. म्हणजे तुम्ही संध्याकाळी पूरिया लावून बसाल तेव्हा बराच वेळ एक वॉटसुद्धा खर्च होणार नाही. चॅनेलमागे, म्हणजे प्रत्येक स्पीकरमागे, 30-40 खरे वॉट असले की अचानक येणाऱ्या थापेला, तारसप्तकातल्या पुकारेला पुरतात.

वॉटपेक्षा माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी, म्हणजे 1 वॉटवर किती डेसिबल देतो तो आकडा, बघा. 85 ऐवजी 88 डेसिबलचा स्पीकर घेतला तर तोच अँप (अँप्लिफायर) दुप्पट ताकदीचा असल्यासारखा वाजतो. हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही.

ए-603, 1:10
पण दादा, दोनपेक्षा सहा स्पीकर कधीही बरेच ना?

ए-302, 1:18
सिनेमाला बरे. गाणं बहुतेक दोन चॅनेलचं असतं, काकांच्या आवडीचं जुनं असेल तर एकाच चॅनेलचं. मग 27 हजार सहा डबे, अँप आणि रिमोट यांच्यात वाटून घेतले तर एका डब्याच्या वाट्याला काय येतं? तेवढ्यात दोनच स्पीकर घेतले तर ते दोन चांगले मिळतात.

साउंडबारला नावं ठेवत नाही. मालिकेतले संवाद नीट कळायला तो झकास, आईकडे मीच लावून दिलाय. पण गायक समोर, तबला एका अंगाला, पेटी दुसऱ्या अंगाला अशी बैठक डोळे मिटून दिसायला हवी असेल तर दोन स्पीकर आणि त्यांच्यात अंतर हवंच.

काका, माझा हिशेब असा: 24-25 हजार पॅसिव्ह (अँप वेगळा लागणाऱ्या) बुकशेल्फ स्पीकरच्या जोडीला, 8-10 हजार छोट्या क्लास-डी अँपला, उरलेल्यात स्टँड आणि वायर. क्लास-डीचे अँप हल्ली पुस्तकाएवढे असतात, तापत नाहीत आणि या किमतीत चांगले वाजतात. त्याला ब्लूटूथ आणि टीव्हीची ऑप्टिकल केबल लावायची सोय असली की झालं. इतकंही नको असेल तर अँप पोटातच असलेले अ‍ॅक्टिव्ह स्पीकर घ्या. एडिफायर कंपनीच्या आर1280डीबी मध्ये ब्लूटूथ आहे, ऑप्टिकल आहे, 42 वॉट आरएमएस. छोट्या खोलीला मी डोळे झाकून तेच सुचवतो. पण तुमचा हॉल मोठा, आणि उद्या अँप बिघडला तर स्पीकरसकट सगळं उचलून न्यायला नको.

सी-201, 2:35
(क्लासमधून आत्ता सुटले.) काका, दुकानात ते त्यांचं काहीतरी धडामधुडुम लावतील, त्यावर भुलू नका. तुम्हाला तोंडपाठ असलेलं, निदान शंभरदा ऐकलेलं ध्वनिमुद्रण फोनमध्ये घेऊन जा. आधी फक्त तानपुरा ऐका. जवारीची झिलई, तारांचा तो लकाकता झंकार, येते का? की मागे नुसता पंखा फिरल्यासारखी घूं घूं? मग डग्गा. "घे" वाजवून मनगटाने स्वर वर चढवतात ना, ती घसीट पूर्ण ऐकू यायला हवी. नुसता "धप्" आला तर पुढचा स्पीकर मागवा. शेवटी गायिकेचे स आणि च कानाला टोचतात का बघा. माझ्या एका शिष्येच्या घरी असे टोचणारे स्पीकर आहेत. दुकानात म्हणे फार "क्लिअर" वाटले होते. आता वीस मिनिटांत डोकं दुखतं.

ए-302, 2:41
ताईंनी लाख मोलाचं सांगितलं. त्यात भर एवढीच की दोन स्पीकर तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला लावा. जो जरा मोठ्याने वाजतो तोच माणसाला चांगला वाटतो, आणि ही खुबी विकणाऱ्याला पक्की ठाऊक असते.

बी-504, 4:10
पुतण्या न्यू जर्सीहून दिवाळीला येतोय. तिकडे स्वस्त मिळतं म्हणतो. अँप त्यालाच आणायला सांगू?

डी-102, 4:13
काका नको!! तिकडची वीज 120 व्होल्टची. मागे 100-240 लिहिलं असेल किंवा व्होल्टेजचा खटका असेल तरच. नाहीतर आपल्या 230 च्या प्लगला लावला की धूर. मी स्वतः पाहिलाय, माझ्याच घरात. नुसते पॅसिव्ह स्पीकर आणायला हरकत नाही, त्यांना प्लगच नसतो. पण त्या वजनात त्याच्या बॅगेत तुमच्यासाठी दुसरं काही मावणार नाही.

डी-102, 4:15
आणि जुनं घेणार असाल तर स्पीकरच्या कोनाच्या, म्हणजे त्या हलणाऱ्या पडद्याच्या, कडेची गोल पट्टी बोटाने हळूच दाबून बघा. ती फोमची असली तर आपल्या दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत भुसभुशीत होते, बोटाला काळं पीठ लागतं. रबराची टिकते. अँपचा आवाजाचा खुंटा सावकाश फिरवायचा. खरखर आली तर साफ करायचा खर्च धरूनच भाव करा.

बी-504, 4:32
आणि रेकॉर्ड?

ए-302, 4:50
ते सहा महिन्यांनी. तोवर माळ्यावरून काढून पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, आडव्या चळतीत वाकतात. त्यात जड, पटकन फुटणाऱ्या 78 च्या असतील तर वेगळ्या काढा. त्यांना सुई वेगळी लागते.

आणि कुणी सूटकेसमधला गोंडस प्लेयर भेट देऊ केला तर हात जोडा. त्यातल्या बऱ्याच जणांची सुई रेकॉर्डवर 5 ग्रॅमच्या आसपास वजन टाकते, चांगली सुई दीड-दोन ग्रॅमवर चालते. वडिलांच्या रेकॉर्डवर नांगर कशाला? नीट टर्नटेबल घ्याल तेव्हा फोनो प्रीअँप, म्हणजे सुईचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग, त्यातच आहे का ते विचारा. सुईकडून येणारा सिग्नल 5 मिलिव्होल्टच्या घरातला असतो, साध्या इनपुटला लावला तर मुंगीच्या आवाजात गाणं.

ए-603, 4:52
फोनवरून ब्लूटूथने चालेल ना पण? 😅

ए-302, 4:54
सुरुवातीला खुशाल चालेल. त्यात जो काय फरक पडतो, त्याच्या दहापट फरक स्पीकर कुठे ठेवले याने पडतो.

तीन आठवड्यांनी, रविवार

बी-504, सकाळी 8:05
घेतले. मुंबईला लेकीकडे गेलो होतो, तेव्हा लॅमिंग्टन रोडला चार दुकानं पायाखाली घातली. स्पीकर 23,500, अँप 8,900. पण मंडळी, मजा येत नाहीये. दुकानात डग्गा असा भरून येत होता, घरी नुसती तबल्याच्या काठावरची चाट ऐकू येते. आवाज पोकळ. कुणीतरी डोक्यामागून गातंय असं वाटतं. फसलो की काय?

ए-302, 8:12
फोटो टाका.

(फोटो)

ए-302, 8:15
काका, एक शोकेसच्या वर आणि दुसरा कोपऱ्यात जमिनीवर?

बी-504, 8:17
हिची अट होती, देवघर हलणार नाही.

ए-302, 8:26
देवघर राहू द्या. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना स्टूल ठेवा. स्पीकरमधला छोटा गोल, म्हणजे ट्विटर, बसल्यावर तुमच्या कानाच्या उंचीला आला पाहिजे. दोघांमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर तुमची खुर्ची. त्रिकोण डोळ्यांपुढे आणा. मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे, आणि कोपरा टाळा. कोपऱ्यात खालचा सूर फुगतो आणि सगळ्यावर पसरतो. 404 च्या वहिनींनाही मग तोच आधी पोचतो.

हॉलच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. मागून "टर्रर्र" असं काही येतं? ती तुमची नवी गुळगुळीत फरशी. खुर्चीपुढे जाड सतरंजी टाका, खिडकीला पडदा लावा. माळ्यावर जी सतरंजी आहे तीच चालेल, नवी आणू नका.

बी-504, 9:40
केलं सगळं. टाळीची टर्र गेली. आवाज स्वच्छ झाला. पण डग्गा नाहीच.

सी-201, 9:44
काका, बातम्या लावा बरं. निवेदकाचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून येतो का?

बी-504, 9:47
नाही. कुठून येतोय तेच सांगता येत नाही. सगळीकडून.

ए-302, 9:48
सापडलं. एका स्पीकरची वायर उलटी लागलीय. लाल ते लाल, काळी ते काळी. वायर कुठली घेतली?

बी-504, 9:52
इलेक्ट्रिशियनकडची तांब्याची, दीड एमएमची दोन कोरची. 102 म्हणाले होते महागडी घेऊ नका.

डी-102, 9:53
बरोबरच आहे. चार मीटरला तीच उत्तम.

ए-302, 9:56
वायर चांगलीच आहे, फक्त दोन्ही कोर एकाच रंगाचे असतील तर फसायला होतं. नीट बघा, एका कोरवर बारीक रेघ किंवा अक्षरं असतील. ती दोन्ही टोकांना लालवर यायला हवी. आता तुमच्याकडे एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, म्हणून खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. आधी अँप बंद करा. उघड्या तारा एकमेकींना चिकटू देऊ नका.

बी-504, 10:20
आला!!!

बी-504, 10:21
अहो घसीट आली, पूर्ण आली. गायक बरोबर टीव्हीच्या मधोमध बसलाय. हिने स्वयंपाकघरातून विचारलं कोण आलंय.

बी-404, 10:24
काका, डग्गा आमच्याकडेही आलाय 🙂

ए-302, 10:26
स्टुलाचे पाय आणि फरशी यांच्यामध्ये जुन्या स्लीपरचे रबराचे तुकडे घाला, आणि खुंटा थोडा खाली घ्या. वहिनी, मग सांगा.

बी-404, 10:49
आता ठीक आहे. दुपारी दोन ते पाच तेवढं सांभाळा.

सेक्रेटरी, 10:55
सतरंज्या गॅलरीतून झटकू नयेत. खालच्या मजल्यांवरून दोन तक्रारी आल्या आहेत.

बी-504, 10:56
सॉरी, मीच तो.

डी-102, 11:02
काका, वायर उरली असेल तर मला दोन मीटर द्या. माझ्याकडेही डग्गा नाहीये, आणि मी तीन वर्षं स्पीकरला शिव्या देतोय.