घरचा स्ट्रॉबेरी सॉर्बे: तुमची रीत, तुमचं प्रमाण लिहा

माहुली_संगम
राजवाड्यासमोर स्ट्रॉबेरीचे खोके दिसले आणि लाकडी बादलीतलं, दांडा फिरवून केलेलं पॉट आइस्क्रीम आठवलं. त्याच पॉटमध्ये दूध, साय काहीही न घालता नुसत्या फळाचा सॉर्बे फार सुरेख होतो. इथे बऱ्याच जणांच्या घरी करतात, म्हणून हा धागा. कृपा करून "अंदाजाने" लिहू नका, ग्रॅममध्ये लिहा. सुरुवात मी करते.

१ किलो पिकलेली स्ट्रॉबेरी. धुवायची ती देठासकट. देठ काढून धुतली की पोकळीत पाणी शिरतं, आणि त्या पाण्याचा पुढे बर्फच होतो. भिजत घालायची नाही, चाळणीत वाहत्या पाण्याखाली धरायची, फडक्यावर पसरून कोरडी करायची, मग देठ काढायचे. दोन-दोन तुकडे करून स्टीलच्या पातेल्यात घ्यायचे, अर्धी साखर लावून तासभर झाकून ठेवायचे. रस सुटतो आणि फळ मऊ पडतं. मग वाटून, गाळून गराचं वजन करायचं. किलोला साधारण ८०० ग्रॅम गर येतो. त्याला एकूण साखर २०० ग्रॅम, म्हणजे चार भाग गर, एक भाग साखर. आधी लावलेली साखर यातच मोजायची. एका लिंबाचा रस, चिमूट मीठ. पाण्याचा थेंब नाही, गॅस नाही. शिजवलं की जॅमचा वास येतो आणि रंग विटकरी होतो.

मिश्रण फ्रिजमध्ये ५-६ तास गार करून मगच पॉटमध्ये.

वाईची_मंगल
छान धागा ताई. एक भर घालते. वाटताना मिक्सर सलग फिरवू नका. बिया फुटल्या की गर कडवट लागतो. दोन-तीनदा झटका द्यायचा, बास. किंवा सरळ पुरणयंत्र काढा. आमच्याकडे पुरणयंत्रातूनच काढतो, त्यात गर भराभर उतरतो. त्याच्या जाळीतून बिया मात्र खाली येतात, म्हणून नंतर बारीक गाळणीतून एकदा चमच्याने दाबून काढायचा. श्रीखंडाच्या फडक्यातून गाळायच्या भानगडीत पडू नका, भोकं लगेच बुजतात.

मिरजवाला
पुरणयंत्राची बारीक जाळी मिरजेत कुठं मिळंल? लक्ष्मी मार्केटात दोन दुकानात विचारलं, अख्खं यंत्र घ्या म्हणतात.

कृष्णाकाठ
सांगलीत गणपती पेठेत बघा, भांडीवाल्यांकडे. जुनी जाळी बरोबर न्या, मापं वेगवेगळी असतात.

खानापूर_रोड
सॉर्बे फ्रीजरमधून काढला की दगड. चमचा वाकतो. साखर सांगितल्याएवढीच असते. का होतं असं?

तासगावची_द्राक्षबाग
दादा, साखर "घातली किती" याला अर्थ नाही, गरात "झाली किती" हे बघायचं. स्ट्रॉबेरीत स्वतःची साखर ७ ते १० टक्क्यांपर्यंत असते, फळागणिक बदलते. सॉर्बेच्या मिश्रणात सगळी मिळून २६ ते २८ टक्के हवी. पाणी गोठत जातं तसा राहिलेला पाक घट्ट होत जातो, आणि तो पाक उणे १८ अंशालाही पुरता गोठत नाही. म्हणून चमचा आत जातो. साखर २० टक्क्यांच्या खाली गेली की पाकच कमी, मग दगड. ३२-३३ च्या वर गेली की नुसता लगदा, बसतच नाही.

हिशोब करून बघा. ८०० ग्रॅम गर ८ ब्रिक्सचा (म्हणजे १०० ग्रॅममध्ये साधारण ८ ग्रॅम साखर) असेल तर त्यात ६४ ग्रॅम साखर आधीच आहे. वर २०० घातली की १००० ग्रॅममध्ये २६४. म्हणजे २६ टक्के. वरच्या ताईंचं प्रमाण बरोबर आहे. तुमच्याकडे बहुतेक पाणी जातंय. धुतलेलं पाणी, मिक्सरचं भांडं खळबळून घातलेलं पाणी. प्रत्येक १०० मिली पाण्याला ३५ ते ४० ग्रॅम साखर जादा लागते, नाहीतर बर्फ.

मोजायला आपल्या भागात साधन घरात पडलेलंच आहे. द्राक्षाचा ब्रिक्स बघायचा रिफ्रॅक्टोमीटर. हातातला ०-३२ वाला चालतो. मिश्रण खोलीच्या तापमानाला आणा, थोडं कापडातून गाळा, दोन थेंब काचेवर टाका, उजेडाकडे धरून रेघ वाचा. गरातले तंतू राहिले तर रेघ धूसर दिसते. आधी डिस्टिल्ड पाण्यावर शून्य लावून घ्या, बॅटरीत घालतात तेच पाणी. आणि बागेतून आणलेला असेल तर काच धुऊन घ्या, फवारणीचे हात लागलेले असतात.

खानापूर_रोड
भांडं खळबळून घालतोच आम्ही, वाया जायला नको म्हणून. कळलं. आभारी आहे दादा.

सदाशिवपेठ_सातारा
ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनी ताजं अंडं वापरा. कवचासकट, स्वच्छ धुऊन मिश्रणात सोडायचं. दोन रुपयांच्या नाण्याएवढा भाग वर दिसला की साखर बरोबर. त्याहून कमी दिसला तर साखर वाढवा, जास्त दिसला तर गर वाढवा. अंडं ताजंच हवं, जुनं साध्या पाण्यातही तरंगतं. आणि गर फार दाट असेल तर अंडं फसवतं, आहे तिथेच अडकून बसतं.

वाईची_मंगल
आमच्याकडे अंडं स्वयंपाकघरात चालत नाही. मीटरच बरा.

कराडकर_काकू
उपवासाला चालतो ना हा? फळ, साखर, लिंबू, मीठ. सैंधव घातलं की झालं.

माहुली_संगम
चालतो काकू. फक्त विकतची आयसिंग शुगर नको, तिच्यात कॉर्नस्टार्च असतो. घरी दळलेली पिठीसाखर घ्या. लिक्विड ग्लुकोजसुद्धा मक्याच्या स्टार्चपासून करतात, ज्यांना मका चालत नाही त्यांनी टाळावं.

बेकरीवाली_विश्रामबाग
लिक्विड ग्लुकोजचा विषय निघालाच आहे तर. २०० ग्रॅम साखरेऐवजी १५० साखर आणि ५० लिक्विड ग्लुकोज घातलं तर गोडी कमी होते आणि पोत रेशमी येतो, कारण ते बर्फाचे खडे मोठे होऊ देत नाही. केकचं सामान मिळतं तिथे डबा मिळतो. ओल्या हाताने काढा, नाहीतर सगळं बोटांनाच चिकटतं. १-२ चमचे गर गरम करून त्यात विरघळवायचं आणि मग बाकीच्यात मिसळायचं, थंड गरात ते तळाशी गोळा होऊन बसतं.

औषधांच्या दुकानातली ग्लुकोज पावडर ही वेगळी वस्तू. ती गोठणं साखरेच्या जवळजवळ दुप्पट लांबवते. २०० पैकी ४० ग्रॅमपर्यंतच बदला, त्यापुढे सॉर्बे पाझरायला लागतो. संत्र्याच्या चवीची नको, साधी आणा.

जावळी_मेढा
मध घातला तर? आपल्याकडे मांघर आहे ना, मधाचं गाव.

बेकरीवाली_विश्रामबाग
घाला की. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं, त्यामुळे सॉर्बे मऊ राहतो. पण ३०-४० ग्रॅमच्या पुढे नको. जांभळाचा मध गडद आणि कडवट, तो स्ट्रॉबेरीला झाकून टाकतो. फिकट मध बघा. गूळ मात्र नको, रंगही जातो आणि वासही.

पाचगणी_टेबललँड
फळ कसं निवडावं हे कोणीच लिहिलं नाही, आणि निम्मं काम तिथंच आहे. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. देठाशी पांढरी असली तर पांढरीच राहणार, घरी ठेवून फक्त मऊ होते, गोड होत नाही. देठापर्यंत लाल हवी आणि खोक्याच्या जवळ गेल्यावर वास आला पाहिजे. पनेट (फळांचा छोटा खोका) उलटं करून खालचा थर बघा, रस सुटलेला असेल तर घेऊ नका. सॉर्बेसाठी मोठी देखणी फळं घेण्यात पैसे घालवू नका. फेब्रुवारी-मार्चला जॅमसाठी बाजूला काढलेली बारीक, पूर्ण पिकलेली फळं स्वस्त मिळतात आणि त्यांचाच गर गडद असतो. जातींमध्ये कॅमारोसा आतून लाल, रंगाला उत्तम. स्वीट चार्ली गोड पण आंबटपणा कमी, तिला लिंबू दीड घाला. हंगामाच्या सुरुवातीची आंबट असली तर लिंबू अर्धंच.

आणि रस्त्यावर "महाबळेश्वर" म्हणून काहीही विकतात, विचारून घ्या. २०१० पासून महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन आहे, नावाला किंमत आहे.

भिलारला_चला
पसरणी घाटात रविवारी लई गर्दी असते, यायचं तर सकाळी सातच्या आत चढा. भिलार म्हणजे पुस्तकांचं गाव, तिथं पुस्तकंही बघा आणि शेतावरची स्ट्रॉबेरी पण घ्या.

मिरजवाला
भिलारची पुस्तकं सोमवारी बघायला मिळतात का?

माहुली_संगम
विषय भरकटतोय, पॉटचं कोणीतरी नीट लिहा. माझ्यापेक्षा चांगलं जाणणारे आहेत इथे.

औंधचे_आप्पा
लिहितो ताई. दोन लिटरच्या पॉटला साधारण ५ किलो बर्फ आणि सव्वा किलो जाडं मीठ. बारीक मीठ लगेच विरघळून खाली जातं, जाडंच घ्या. बर्फ गोणपाटात घालून सुपारीएवढा फोडायचा. मोठे गठ्ठे डब्याला टेकत नाहीत, मधे हवा राहते. बादलीत चार बोटं बर्फ, मूठभर मीठ, परत बर्फ, परत मीठ, असं डब्याच्या खांद्यापर्यंत.

मिठामुळे बर्फ शून्याच्या खालीही वितळत राहतो, आणि वितळायला लागणारी उष्णता तो डब्यातून ओढून घेतो. नीट भरलं तर बादलीतलं पाणी उणे १५ च्या आसपास जातं. मीठ कमी पडलं की गोठायला वेळ लागतो आणि खडे मोठे होतात. मीठ फार झालं की डब्याच्या कडेला एकदम पापडी धरते आणि मधे रस तसाच.

डबा दोन तृतीयांशच भरायचा, फिरवताना हवा शिरून मिश्रण फुगतं. पहिली पाच-सात मिनिटं सावकाश, दांडा जड लागायला लागला की जोरात. २० ते ३० मिनिटांत होतो. बादलीच्या बाजूचं भोक मोकळं ठेवा. ते बुजलं की खारं पाणी चढून झाकणातून आत जातं आणि सगळी मेहनत फुकट. झाकण उघडण्याआधी कडा फडक्याने पुसा, हे विसरू नका. झाल्यावर पातं काढून, झाकणाच्या भोकाला बूच लावून, वर नवा बर्फ-मीठ घालून तासभर मुरू द्या.

कराडकर_काकू
आप्पा, अगदी हातात धरून शिकवल्यासारखं लिहिलंत.

हॉस्टेलची_रूम
पॉट नाही, मशीन नाही, फक्त छोटा फ्रिज आणि मिक्सर आहे. होईल का?

वाईची_मंगल
होईल ग. दोन रीती आहेत.

एक, मिश्रण पसरट स्टीलच्या डब्यात दोन सेंटिमीटरचाच थर देऊन ठेव. पाऊण तासाने कडेचा बर्फ काट्याने खरवडून मधे आण. मग दर अर्ध्या तासाने असंच, चार-पाच वेळा. प्लॅस्टिकचा डबा नको, गार व्हायला वेळ लागतो आणि जितकं सावकाश गोठेल तितके खडे मोठे.

दोन, मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये पूर्ण गोठव. खडे बाहेर काढून पाच मिनिटं ठेव, मिक्सरचं भांडंही तोवर फ्रीजरमध्ये गार कर. थोडे थोडे खडे घालून दहा-दहा सेकंदांचे झटके दे. सलग फिरवलंस तर पात्याच्या उष्णतेनं वितळतं आणि मोटरवरही ताण येतो. फिकट आणि मऊसर दिसलं की थांब, लगेच डब्यात भर, दोन तास परत गोठव. मला ही दुसरी जास्त आवडते, पोत एकसारखा येतो.

हॉस्टेलची_रूम
थँक्यू मावशी!! परीक्षा संपली की करते.

जावळी_मेढा
आमच्याकडं लाईट जाते दुपारची. वितळून परत गोठला की करकरीत होतो.

बेकरीवाली_विश्रामबाग
अर्धवट वितळला की बारीक खडे आधी विरघळतात, आणि परत गोठताना ते पाणी मोठ्या खड्यांवर जाऊन बसतं. म्हणून तसाच परत ठेवायचा नाही. गार असेपर्यंतच काढायचा, पूर्ण वितळवून मिक्सरमधून किंवा पॉटमधून पुन्हा नव्याने करायचा. लाईट जायचीच असेल तर फ्रीजर उघडू नका, आणि रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. साठवताना सॉर्बेच्या अगदी अंगाला बटर पेपर चिकटवून मग झाकण. दोन आठवड्यांत संपवा, नंतर वास उतरतो.

सदाशिवपेठ_सातारा
सासूबाईंना शुगर आहे. साखर निम्मी केली तर?

तासगावची_द्राक्षबाग
निम्मी केली तर दगडच होणार ताई, वर लिहिलंय ते. स्टीव्हियाने गोडी येते, पण गोठणं थांबत नाही. प्रमाण तेच ठेवा, वाढायचा वाटा लहान करा. ६० ग्रॅमच्या गोळ्यात १६ ग्रॅमच्या आसपास साखर जाते, तो आकडा डॉक्टरांना सांगून विचारा.

कृष्णाकाठ
आणि आमच्या द्राक्षाचं काय? फेब्रुवारीत घरोघरी पेट्या येतात.

तासगावची_द्राक्षबाग
द्राक्षाचा रस १८ ब्रिक्सचा धरला तर ८०० ग्रॅमला ७५ ते १०० ग्रॅम साखर पुरते. द्राक्षातली साखर मुळात ग्लुकोज-फ्रुक्टोज, म्हणून २५ टक्क्यांतही मऊ राहतो. थॉम्पसन, सोनाका वाटल्यावर पाच-दहा मिनिटांत तपकिरी पडतात, वाटतानाच लिंबू पिळा. काळ्या द्राक्षाचा रंग सालीत असतो. रस साल-गरासकट १० मिनिटं मंद कोमट करा, उकळू नका, मग गाळा.

पाचगणी_टेबललँड
रास्पबेरीचा पण होतो. ती जास्त आंबट, लिंबू घालू नका, ८०० ग्रॅम गराला साखर २१० धरा. बिया फार असतात, किलोला गर कमी पडतो. गाळून झाल्यावर वजन करा आणि मगच साखर मोजा.

मिरजवाला
जाळी मिळाली. गणपती पेठेत. जुनी बरोबर नेली म्हणून बरं झालं.