मदत हवी आहे: ‘इन्टू द वूड्स’मधली पाववाल्याची बायको, १९८७ आणि २०२२

अमेरिकन संगीतकार सॉन्डहाइमच्या ‘इन्टू द वूड्स’ या संगीत नाटकातल्या पाववाल्याच्या बायकोच्या भूमिकेची तुलना करतेय. १९८७च्या ब्रॉडवे संचाचं चित्रीकरण दोनदा पाहिलंय. जोआना ग्लीसन राजपुत्राच्या भेटीनंतर एकटी उरते, स्वतःशीच वाद घालते, एकेका शब्दाआधी किंचित थबकते, तेव्हा हसू येतं आणि पोटात कालवतं. टोनी (ब्रॉडवेचं मोठं पारितोषिक) उगाच नाही मिळालं.

२०२२च्या संचातली सारा बरेलिस मात्र फक्त अल्बमवर ऐकलीय. आवाज गोड, जवळचा. पण अभिनय कानांनी किती कळणार? २००२च्या संचाचा अल्बमही ऐकलाय, पण त्यात चेटकिणीचं गाणंच बदललंय (बाळासाठी अंगाईच केलीय!), म्हणून तो सध्या बाजूला. चित्रपट नको, रंगमंचाबद्दलच हवंय. चोरून केलेली रेकॉर्डिंग्जही सुचवू नका. मी पुण्यात, न्यूयॉर्कला जाणं शक्य नाही.

न्यूयॉर्कच्या सेंट जेम्स थिएटरला ज्यांनी बरेलिसला प्रत्यक्ष पाहिलं, त्यांनी एवढंच सांगा: जंगलातल्या त्या एकटीच्या गाण्यात ती प्रेक्षकांकडे बघून हशा घेत होती, की ग्लीसनसारखी स्वतःशीच बोलत होती?