दा नांगचे संगमरवरी डोंगर: आईला झेपतील का?

प्रश्न: व्हिएतनाममधल्या न्गु हान सोनला, म्हणजे दा नांगच्या संगमरवरी डोंगरांवर, सत्तरीच्या आईला न्यायचंय. चढ किती?

उत्तर १: ताई, पाच डोंगरांपैकी चढायचा तो थुय सोन, म्हणजे जलतत्त्वाचा डोंगर. एका दारातून 156 पायऱ्या, दुसऱ्या दाराशी लिफ्ट. तिचं तिकीट वेगळं. लिफ्टनंतरही गुहांपर्यंत पायऱ्या आहेतच. झिजलेला दगड ओला असला की पाय सटकतो, रबरी तळव्यांचेच बूट घाला.

उत्तर २: हुएन खोंग गुहा दुपारी बाराच्या सुमारास गाठा. छतातल्या भोकांतून उन्हाचे झोत उतरतात, उदबत्तीचा धूर त्यात तरंगताना दिसतो. फार सुंदर! पायथ्याची आम फू ही नरकदृश्यांची गुहा. जिने अरुंद, आईंना नको.

उत्तर ३: पॅगोडात खांदे-गुडघे झाकलेले हवेत. आईंना दंतकथाही सांगा: ड्रॅगनच्या अंड्याच्या कवचाचे पाच तुकडे, तेच हे पाच डोंगर.