शब्दचर्चा : ‘वारंवार यीस्ट इन्फेक्शन’ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

टाचणी : स्त्रियांसाठीच्या एका माहितीपत्रकाचा अनुवाद तपासायचा आहे. एकाच दुखण्याला ‘श्वेतप्रदर’, ‘अंगावरून पांढरं जाणं’ आणि ‘योनीतील बुरशी’ असे तीन शब्द आलेत. तिन्ही एकच का? ‘रिकरंट’ला ‘वारंवार’ पुरेल?

अनुस्वार : एकच नाहीत, आणि ही गल्लत महागात पडते. पहिले दोन शब्द लक्षणाचे आहेत, कारणाचे नाहीत. प्रदर म्हणजे वाजवीपेक्षा जास्त स्राव, जुनी माणसं त्यालाच धुपणी म्हणत. बीज सुटताना येणारा पारदर्शक, तारदार स्रावही ‘पांढरं जाण्या’त मोजला जातो, आणि तो आजारच नव्हे. कँडिडा, म्हणजे या दुखण्यामागची यीस्ट नावाची बुरशी, हिच्या त्रासात स्राव बहुधा नासलेल्या दुधासारखा गुठळ्यांचा असतो, त्याला वास जवळजवळ नसतो आणि खाज फार असते. योनीचा सामू (pH, आम्लतेचं माप) सहसा ४.५च्या खालीच राहतो. करडा, पातळ, मासळीसारखा वास मारणारा स्राव आणि ४.५च्या वर सामू असेल तर ते बहुधा जिवाणूंचं असंतुलन. त्यावर बुरशीचं औषध चालत नाही. ‘पुन्हा पुन्हा होतंय’ म्हणताना दर वेळी तोच आजार होता का, हे म्हणून आधी तपासावं लागतं. सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट दिसलं नाही तरी कल्चर करावं, म्हणजे स्रावाचा नमुना प्रयोगशाळेत वाढवून पाहावा.

किण्व : यीस्टला परिभाषेत ‘किण्व’ आहे, पण पत्रकात ‘यीस्ट’च ठेवा. ‘बुरशी’ चूक नाही, फक्त ती ऐकली की ओल आणि अस्वच्छता डोळ्यांपुढे येते, आणि बाई साबणाने आतून धुऊ लागते. त्याने दाह वाढतो. ‘संसर्ग’ शब्दही जपून वापरा. त्यातला ‘कुणाकडून तरी लागलं’ हा भाव इथे चुकीचा आहे. हे दुखणं लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांत धरत नाहीत. १० ते २० टक्के स्त्रियांच्या योनीत कँडिडा काही त्रास न देता असते. त्याला ‘वास्तव्य’ म्हणावं, औषध देऊ नये. कँडिडाच्या अल्बिकन्स जातीला तंतू फुटले की ती कँडिडालायसिन हे विष सोडते (ते २०१६मध्ये सापडलं), अस्तराच्या पेशींना इजा होते आणि दाह सुरू होतो. म्हणून माझं मत ‘कँडिडाजन्य योनिदाह’ला.

टाचणी : पण खाज तर बाहेरही असते.

अनुस्वार : बरोबर. बाहेरचा भाग म्हणजे भग, आतला मार्ग म्हणजे योनी. बोलताना आपण दोन्हीला योनीच म्हणतो. ‘मलम योनीला लावा’ असं छापलं की ते बाहेरच लागतं आणि आतलं दुखणं तसंच राहतं. ‘झोपताना, पाठीवर पडून, गुडघे दुमडून औषधाची नळी योनीत आत सरकवा’ असं लिहा. बाहेरच्या त्वचेची सूचना वेगळ्या ओळीत द्या.

किण्व : आता ‘वारंवार’. वर्षभराच्या आत ३ किंवा जास्त वेळा लक्षणं, ही आजची व्याख्या. पूर्वी ४ धरत. आकडा पत्रकात हवाच. पण ताप ‘उलटतो’ म्हणतो ना आपण, तो शब्द इथे जास्त चपखल आहे, कारण पुष्कळदा पूर्वीचाच वाण दबून राहून डोकं वर काढतो. म्हणून उपचारही दोन टप्प्यांचा : आधी फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या गोळीच्या १५० मिग्रॅच्या ३ मात्रा, मग आठवड्याला एक, ६ महिने. २००४च्या चाचणीत ६ महिन्यांअखेर ९०.८ टक्के स्त्रिया त्रासमुक्त होत्या, तुलनेसाठी औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ३५.९ टक्के. औषध थांबवून आणखी ६ महिने गेल्यावर हेच आकडे ४२.९ आणि २१.९ टक्क्यांवर आले. तेव्हा ‘कायमचा बरा होतो’ लिहू नका, ‘आटोक्यात राहतो’ लिहा. कँडिडाच्या ग्लाब्राटा जातीवर ही गोळी अनेकदा कमी पडते, म्हणून त्रास उलटला की जात ओळखून घ्यावी.

टाचणी : मसुद्यात त्या ३ मात्रा ‘दर तिसऱ्या दिवशी’ आहेत.

अनुस्वार : ते आधी बदला! मराठी कान तिसरा दिवस आजपासून मोजतो. तिजारा ताप एक दिवसाआडच येतो. इथे अंतर ७२ तासांचं, म्हणजे दोन दिवसांआड. सरळ ‘पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी’ छापा. आणि त्याच ओळीखाली ठळक : गरोदरपणी ही गोळी घेऊ नये, त्या वेळी ७ दिवस योनीत ठेवायचं औषध वापरतात.