नाणेघाट खालून चढायचा की वरून बघायचा?

वाटसरू:
गाडी थेट घाटघरच्या पठारावर न्यायची, वाऱ्याने वर उडणाऱ्या उलट्या धबधब्यापुढे फोटो काढायचे आणि 'नाणेघाट केला' म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही. सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल सातवाहनांच्या काळात कोकणातून वर चढणाऱ्या याच वाटेने जुन्नरमार्गे पैठणला जायचा. वैशाखऱ्याहून निघा, झाडीतून दगडी पायऱ्यांवर या. छातीत धाप भरली की कळतं, माथ्याजवळ पाण्याची टाकी का खोदलीत आणि सातवाहन राजघराण्याने आपला लेख नेमका इथल्याच लेण्यात का कोरला. अश्वमेध, राजसूय हे यज्ञ, दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, कार्षापण नावाची नाणी, सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांपुढे!

जुन्नरकर:
साफ असहमत. माझ्या वडिलांचे गुडघे गेलेत, पण अडखळत का होईना लेखाची ब्राह्मी लिपी वाचतात. त्यांना वरूनच नेलं. लेण्याच्या मागच्या भिंतीवरच्या सातवाहन राजपरिवाराच्या पुतळ्यांची आता जेमतेम पावलं उरलीत. त्यांच्या वरची सिमुक, सातकर्णी, नागनिका ही नावं ते बोट न लावता, हवेत गिरवत वाचत होते. त्यांनी नाणेघाट पाहिला नाही म्हणायचं का?
आणि व्यापार बघायचाय ना? मग जुन्नरात मुक्काम करा. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघटनेने, इथे लेणं दिलंय. चिट नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, बौद्ध संघाला भोजनमंडप दिला, इरिल नावाच्या दुसऱ्याने पाण्याची टाकी. तुमचे घाट चढून आलेले लोक संध्याकाळी थेट कल्याणची एसटी पकडतात. बाजारपेठ न बघता नुसती वाट बघून काय मिळणार?

लेणीप्रेमी:
एक सांगते, माथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकायला होता, असं सगळेच छातीठोकपणे सांगतात. लेण्यातल्या मोठ्या लेखात यज्ञ आहेत, दक्षिणा आहे; जकातीचं अक्षरही नाही. ती परंपरेने चालत आलेली समजूत आहे, तेवढंच सांगावं.

मुरबाडकर:
मी वाटसरूंच्या बाजूने. गाड्या वर जातात म्हणून पायथ्याच्या गावांत कोणी चहालाही थांबत नाही. मात्र पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी कृपा करून येऊ नका. निसरड्या पायऱ्यांवर ढकलाढकली चालते आणि पाऊस चुकवायला लेण्यात शिरलेले लोक ओल्या पाठी लेखाच्या भिंतीला टेकतात.

वाटसरू:
जुन्नरकर, वडिलांबद्दल वादच नाही, त्यांनी आमच्यापेक्षा जास्त पाहिलं. पण धडधाकट माणसांना मी सवलत देणार नाही. चढून या, जुन्नरला मुक्काम करा, लेण्याद्री आणि तुळजा लेणी दुसऱ्या दिवशी.

जुन्नरकर:
मुक्कामाचं मान्य. 'सवलत' देणारे तुम्ही कोण, हा प्रश्न अजून आहेच.