एफएमआरआयमध्ये मेंदूचा भाग 'उजळतो' म्हणावं का?

भाषांतरकर्ती: एका विज्ञानलेखाचं भाषांतर करतेय. चेहरे पाहताना मेंदूचा एक भाग एफएमआरआयमध्ये (मेंदू काम करत असताना काढलेल्या चुंबकीय स्कॅनमध्ये)... पुढे 'उजळला', 'सक्रिय झाला' की 'उद्दीपित झाला'? शिवाय 'कार्यात्मक एमआरआय' कानाला खटकतं.

स्कॅनवाला: खटकतंय तर सरळ एफएमआरआय लिहा, सगळ्यांना कळतं.

'उजळला' मात्र नको. आत काहीच उजळत नाही. तो तांबडा-पिवळा ठिपका संगणकाने मागाहून रंगवलेला असतो. चेहरे पाहताना यंत्राला मिळणारा संकेत आणि, समजा, घरं पाहतानाचा संकेत यांतला फरक ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे गेला की तेवढी जागा रंगते. मर्यादा खाली आणली की ठिपका पसरतो. मुळात संकेतातला बदलच बहुधा एक-दोन टक्क्यांचा.

'सक्रिय'ही जपूनच वापरा. चेतापेशींची विद्युत हालचाल हे यंत्र मोजतच नाही, ते पाहतं रक्ताकडे. ऑक्सिजन देऊन बसलेलं हिमोग्लोबिन भोवतालचं चुंबकीय क्षेत्र किंचित बिघडवतं. पेशी कामाला लागल्या की तिथे गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त येतं, बिघडवणारं हिमोग्लोबिन कमी होतं आणि संकेत वाढतो. रक्तातल्या ऑक्सिजनप्रमाणे संकेत बदलतो, हे सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने १९९० मध्ये दाखवून दिलं. पण रक्त येतं रमतगमत. पेशींचा संवाद काही मिलिसेकंदांत आटोपतो, संकेत कळसाला पोचतो पाचेक सेकंदांनी. त्यामुळे 'त्याच क्षणी सक्रिय झाला' असं तर मुळीच लिहू नका.

जुना वाचक: एवढा कीस कशाला? सूर्य उगवतो असं आपण म्हणतोच की! 'सक्रिय' रुळलाय, राहू द्या.

स्कॅनवाला: 'सूर्य उगवतो' म्हटल्याने कुणाचं पंचांग चुकत नाही. इथे चुकतं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो 'दाखवले'. हजारो ठिकाणी एकाच वेळी तुलना करताना जी सांख्यिकी दुरुस्ती करावी लागते, ती न करता पाहिलं तर माशाच्या मेंदूत ठिपके! दुरुस्ती केल्यावर गायब. २०१२ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं त्यांना. आता त्या माशाबद्दल 'सक्रिय' म्हणायचं का?

जुना वाचक: बरं, मग 'उद्दीपित'?

स्कॅनवाला: ते आणखी अडचणीचं. एका पेशीने दुसरीला दामटून गप्प बसवणं हेही कामच, आणि उत्तेजन कुठलं, दमन कुठलं हे संकेतावरून सहज सांगता येत नाही. तीन मिलिमीटरच्या एका चौकोनी तुकड्यात लाखो पेशी असतात, त्यांची सरसकट बेरीज हाती येते. मी 'त्या भागातला संकेत वाढला' असं लिहीन.

हो, आणि ठिपका नाही म्हणून 'तो भाग शांत होता' असंही लिहू नका. नाकामागच्या हवेच्या पोकळ्या आणि कान यांच्याजवळ चुंबकीय क्षेत्र वेडंवाकडं होतं, तिथला संकेत पुष्कळदा बुडतोच.

भाषांतरकर्ती: 'संकेत वाढला' पटलं. पण लेखात पुढचंच वाक्य अमिग्डलाबद्दल, म्हणजे भीतीशी जोडल्या जाणाऱ्या मेंदूच्या भागाबद्दल, आहे: 'अमिग्डला उजळला, म्हणजे तो माणूस घाबरला होता.'

स्कॅनवाला: तिथे क्रियापद बदलून भागणार नाही. अमिग्डलातला संकेत सुखद किंवा नवख्या गोष्टीनेही वाढतो. 'म्हणजे' या शब्दावर लेखकाला चौकशीचा मेल पाठवा.